दहावीच्या परीक्षेत अल्पदृष्टी मुलीसाठी लेखनिक घ्यावा, की नुसता जादा वेळ पुरेल?

प्रश्न : पारोळा तालुक्यातील एक पालक

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीत गेली आहे. तिला जन्मापासून अल्बिनिझम (त्वचा, केस आणि डोळ्यांत रंगद्रव्य कमी असणे) आहे, त्यामुळे दृष्टी अधू आहे, बुबुळे सतत हलतात आणि उजेड अजिबात सहन होत नाही. चष्म्याने थोडा फरक पडतो, पण पूर्ण दुरुस्ती होत नाही. तिच्याकडे ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) आहे. पुस्तक डोळ्यांपासून चार बोटांवर धरून ती वाचते. तिची समज चांगली आहे आणि तोंडी विचारले तर ती वर्गात पुढे असते, परंतु लेखी परीक्षेत पहिल्या तासानंतर तिचे अक्षर ओळ सोडू लागते आणि शेवटचे प्रश्न कोरे राहतात.

शाळेत चौकशी केली तेव्हा मला असे सांगण्यात आले की, लेखनिक फक्त पूर्ण अंध विद्यार्थ्यांना मिळतो आणि हिला दिसते, म्हणून हिला जादा वेळ मागावा. हे खरे आहे का? लेखनिक मिळत असेल तर माझ्या भावाची मुलगी आठवीत आहे, तिला घेता येईल का? गणिताच्या पेपरात दुसऱ्याकडून लिहून घेणे जमते का, हीही शंका आहे. आमच्या नात्यातल्या काही वडीलधाऱ्यांना असे वाटते की, दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या पेपरचे गुण मुलीचे म्हणून कोणी मानणार नाही. तिच्या मनावर या बोलण्याचा परिणाम झाला असून ती आता स्वतःच लेखनिक नको म्हणू लागली आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : समावेशित शिक्षणातील विशेष शिक्षिका, धुळे

भाऊ, पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. लेखनिक फक्त पूर्ण अंधांनाच मिळतो, ही समजूत चुकीची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १७ मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करण्याचे बंधन शासनावर घातलेले आहे आणि त्यात जादा वेळ, लेखनिक, तसेच द्वितीय व तृतीय भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख आहे. या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत अंधत्व आणि अल्पदृष्टी हे दोन्ही स्वतंत्रपणे दिलेले आहेत.

शाळेचा गोंधळ बहुधा कुठून झाला असेल तेही सांगते. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अंधत्व, दोन्ही हातांचे दिव्यांगत्व आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) या तीन गटांतील उमेदवाराने मागितल्यास लेखनिक द्यावा, असे म्हटले आहे. बाकीच्या गटांनाही लेखनिक मिळतो, फक्त त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांच्याकडून, लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे आणि लेखनिक आवश्यक आहे, असे ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र आणावे लागते. आपल्या मुलीकडे असलेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि हे लेखनिकासाठीचे प्रमाणपत्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे प्रमाणपत्र दिवाळीपूर्वीच करून घ्या, कारण परीक्षेचे आवेदनपत्र भरताना दिव्यांगत्वाचा प्रकार आणि हवी असलेली सवलत दोन्ही नोंदवावी लागतात. फेब्रुवारीत धावपळ करणाऱ्या पालकांना रुग्णालय, शाळा आणि नाशिकचे विभागीय मंडळ यांच्यामध्ये नाहक हेलपाटे घालावे लागतात.

आता लेखनिक की जादा वेळ, हा प्रश्न. आपण जे वर्णन केले आहे त्यावरून मला असे वाटते की, नुसत्या जादा वेळाने आपल्या मुलीचे काम भागणार नाही. अल्बिनिझम असलेल्या मुलांची अडचण फक्त संथ वाचनाची नसते. डोळे अगदी जवळ नेऊन वाचताना मान आणि पाठ अवघडते, हलणाऱ्या बुबुळांमुळे ओळ सापडत नाही, आणि तासाभरात डोळे इतके थकतात की पुढच्या प्रत्येक मिनिटाची किंमत कमी कमी होत जाते. दोन तासांचा पेपर तिला दोन तास चाळीस मिनिटे मिळाला, तरी ती वाढीव चाळीस मिनिटे थकलेल्या डोळ्यांचीच असतील.

तरीही हा निर्णय आपण किंवा मी घेऊ नये, तो तिने घ्यावा, आणि करून पाहिल्यावर घ्यावा. प्रथम सत्र परीक्षेपर्यंत तीन पद्धती आजमावून पाहा. पहिली, ठळक रेघांची वही, जाड निबेचे काळे पेन आणि मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका घेऊन स्वतः लिहिणे. दुसरी, प्रश्न कोणीतरी वाचून दाखवणे आणि उत्तर तिने लिहिणे, कारण नियमात लेखनिकाबरोबर वाचकाचीही तरतूद आहे आणि पुष्कळ अल्पदृष्टी मुलांना तेवढाच आधार पुरतो. तिसरी, पूर्ण पेपर सांगून लिहवून घेणे. एकाच विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिका या तीनही प्रकारे सोडवल्या की, कुठल्या पद्धतीत तिचे ज्ञान कागदावर नीट उतरते ते तिला स्वतःलाच कळेल. शाळेला विनंती करून घटक चाचणीतही हीच व्यवस्था मागून घ्या.

आणखी एक सूचना उजेडाबद्दल. मार्चमध्ये आपल्याकडे अकरा वाजताच ऊन डोळ्यांवर येते. तिची जागा खिडकीकडे पाठ करून, भिंतीच्या बाजूला मिळावी, गडद चष्मा आणि टोपी वापरू द्यावी, असे अर्जातच लिहून द्या. लेखनिक घेतला तरी ही मागणी सोडू नका.

उत्तर : बँक कर्मचारी, जळगाव

मी स्वतः पूर्ण अंध आहे. दहावीपासून पदवीपर्यंतच्या आणि पुढे बँक भरतीच्या सगळ्या परीक्षा मी लेखनिकाच्या मदतीने दिल्या आहेत. नातेवाइकांच्या शंकेला मी आधी उत्तर देतो, कारण मुलीने त्यावरून लेखनिक नको म्हटले आहे असे आपण लिहिले आहे.

ताई, तू हे वाचत असशील किंवा तुला कोणी वाचून दाखवत असेल, तर एवढे लक्षात घे. परीक्षा तुझ्या गणिताची, इतिहासाची आणि भाषेची आहे, तुझ्या डोळ्यांची नाही. लेखनिक काही सुचवू शकत नाही, चूक दुरुस्त करू शकत नाही, तू सांगितलेले चुकीचे उत्तर त्याने चुकीचेच लिहायचे असते आणि शेजारी पर्यवेक्षक बसलेला असतो. तो तुझ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा ही अटसुद्धा याचसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात निकाल देताना अशा सोयींकडे समान संधीचा भाग म्हणून पाहिले आहे. ज्याला हक्क म्हणून जे मिळाले ते घेण्यात संकोच कसला?

मात्र लेखनिक मिळाला म्हणजे पेपर सोपा झाला, असे कोणी समजू नये. सांगून लिहवणे हे वेगळे कौशल्य आहे आणि त्याला काही महिन्यांचा सराव लागतो. जो स्वतः लिहितो त्याचे वाक्य हातातून आपोआप पूर्ण होते आणि मागे काय लिहिले ते नजरेसमोर राहते. सांगणाऱ्याला मात्र वाक्य तोंडातून बाहेर पडण्याआधी मनात पुरे करावे लागते, लेखनिकाचा हात जेवढा चालतो तेवढ्याच वेगाने तुकडे पाडावे लागतात आणि आधीचे दोन मुद्दे ध्यानात ठेवावे लागतात. सुरुवातीला मी फार भरभर सांगत असे, लेखनिक मागे पडे आणि शब्द गळत. नंतर मी सात-आठ शब्दांचा तुकडा सांगून पेनचा आवाज थांबेपर्यंत पुढचा तुकडा जुळवू लागलो आणि गाडी रुळावर आली. परिच्छेद कुठे बदलायचा, कशाखाली रेघ ओढायची, मुद्द्यांना क्रमांक द्यायचे की नाही, हे सगळे उमेदवाराने सांगायचे असते. न सांगितल्यास उत्तरपत्रिका सलग मजकुराने भरते आणि तपासणाऱ्याला मुद्दे सापडत नाहीत.

भाषेबद्दलही सांगतो. आपल्या घरांत अहिराणी बोलली जाते, ती गोडच आहे, पण घाईत उत्तर सांगताना क्रियापदे घरच्या वळणाने बाहेर पडतात आणि प्रामाणिक लेखनिक ती तशीच उतरवतो. त्यामुळे सराव करताना प्रत्येक उत्तर पुस्तकी मराठीत, पूर्ण वाक्यात मोठ्याने सांगण्याची सवय लावावी. इंग्रजीच्या पेपरात अवघड शब्दांचे स्पेलिंग आपण सांगावे, कारण आठवीतल्या मुलीला ते येईलच असे नाही.

गणिताचे विचारता, तर ते नक्की जमते, पण त्यासाठी दोघांमध्ये ठराविक बोली आधी ठरलेली असावी लागते. ‘दोन एक्स अधिक तीनचा वर्ग’ असे सांगितले तर वर्ग फक्त तीनचा की पूर्ण राशीचा, हे लेखनिकाला कळणार नाही आणि पुढचे सगळे उदाहरण वाया जाईल. त्याऐवजी ‘कंस सुरू, दोन एक्स अधिक तीन, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग’ असे सांगावे. अपूर्णांकात ‘अंश सुरू’ आणि ‘अंश संपला, आता छेद’ हे शब्द ठरवून घ्यावेत, वर्गमुळाचे चिन्ह कुठपर्यंत न्यायचे ते सांगावे, आणि प्रत्येक पायरी नव्या ओळीवर घ्यायला लावून ती एकदा परत वाचून घ्यावी. आपल्या मुलीला थोडे दिसते हा इथे मोठा फायदा आहे, कारण मोठ्या अक्षरात लिहिलेली पायरी ती मध्येच स्वतः पाहू शकेल. आकृत्या, आलेख आणि नकाशे यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांबाबत कोणती सवलत हवी ते अर्जात स्पष्ट मागावे लागते. गणिताला पर्यायी विषय घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर अकरावीला विज्ञान किंवा वाणिज्य घ्यायचे आहे का याचा विचार आधी करा. मुलीला गणित येत असेल तर ते सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर : सेवानिवृत्त मुख्याध्यापक, शहादा

मी अनेक वर्षे बोर्डाच्या परीक्षेत केंद्र संचालक म्हणून काम केले आहे, त्यामुळे कागदपत्रे आणि केंद्रावरची व्यवस्था यांविषयी लिहितो.

आपल्या भावाची आठवीतली मुलगी लेखनिक म्हणून इयत्तेच्या अटीत बसते. दहावीच्या उमेदवाराचा लेखनिक नववीत किंवा त्याखालच्या इयत्तेत शिकत असावा लागतो. तिच्या शाळेचे बोनाफाइड प्रमाणपत्र, छायाचित्र, ओळखपत्र आणि पालकांचे संमतिपत्र घ्या. आपल्या मुलीच्या शाळेने हे सर्व, वैद्यकीय प्रमाणपत्रासह, नाशिक विभागीय मंडळाकडे पाठवायचे असते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तीनही जिल्हे नाशिक विभागातच येतात. मंडळाचे मंजुरीचे पत्र हाती आल्यावर त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी केंद्र संचालकांना प्रत्यक्ष भेटून ते दाखवा. केंद्रावरच्या बहुतेक अडचणी दुष्टपणामुळे होत नाहीत. पेपरच्या सकाळी शेकडो मुलांच्या बैठक व्यवस्थेत गुंतलेल्या माणसासमोर अचानक दोन मुली आणि एक कागद येतो, आणि स्वतंत्र खोली व स्वतंत्र पर्यवेक्षक त्या क्षणी उपलब्ध नसतो, म्हणून त्या होतात.

स्वतंत्र खोलीचा आग्रह जरूर धरा. मुलगी मोठ्याने उत्तरे सांगणार, त्यामुळे इतर परीक्षार्थींबरोबर बसवणे दोघांच्याही हिताचे नाही. खोली तळमजल्यावर असावी. पर्यवेक्षकाला आधीच समजावून सांगितलेले असावे की, लेखनिकाने प्रश्न पुन्हा वाचून दाखवणे किंवा लिहिलेले उत्तर वाचून दाखवणे हा गैरप्रकार नाही. मी असे पर्यवेक्षक पाहिले आहेत जे कर्तव्यदक्षतेपोटी दर दहा मिनिटांनी टोकत असत आणि त्यामुळे मुलांची लय तुटत असे.

वेळेचा हिशेब असा की, तासाला किमान वीस मिनिटे भरपाईचा वेळ मिळतो. ८० गुणांच्या तीन तासांच्या भाषेच्या पेपरला साठ मिनिटे आणि ४० गुणांच्या दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटे वाढतात. पेपर अकराला सुरू होतो, म्हणजे भाषेच्या दिवशी ती दोघे तीन वाजून गेल्यावरच मोकळी होतील. दोन्ही मुलींजवळ पाणी असू द्या, सकाळी पोटभर खाऊ घाला, आणि गावाकडे परतणाऱ्या एसटीची वेळ त्या हिशेबाने पाहून ठेवा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण बाकीची मुले निघून गेलेली दिसली की लेखनिक मुलीचे लक्ष घड्याळाकडे जाऊ लागते आणि अक्षर बिघडते. तिलाही शांतपणे सांगून ठेवा की पूर्ण वेळ आपला आहे.

उत्तर : स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, शिरपूर

थोडी भर घालतो. आपल्या मुलीला हे लागू नाही, पण हे वाचणाऱ्या इतर पालकांना उपयोगी पडेल. माझ्या उजव्या हाताला लिहिताना पेटके येतात आणि माझे दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी ठरले. त्यामुळे मला पूर्वी सर्वत्र नकार मिळे. वर ज्या २०२१ च्या निकालाचा उल्लेख आला आहे, तो अशाच लिहिताना पेटके येणाऱ्या उमेदवाराचा होता. लेखनिकाची सोय केवळ ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात ठरवले. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, परंतु लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. त्यासाठी शासकीय वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते.

दहावीनंतरच्या परीक्षांबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक परीक्षेची लेखनिकाविषयीची अट आणि अर्जाचा नमुना वेगळा असतो. त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात किंवा परिपत्रक स्वतः वाचल्याशिवाय जुन्या अनुभवावर विसंबू नये. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने लेखनिक पुरवला, तर २०१८ च्या सूचनांनुसार उमेदवाराला परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटण्याची संधी मिळायला हवी. ती जरूर मागावी. अनोळखी माणसाला आपला उच्चार आणि वेग समजायला तेवढा वेळ लागतोच.

मूळ प्रश्नकर्ते पालक

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला ही सगळी उत्तरे वाचून दाखवली. बँकेतल्या भाऊंनी तिला उद्देशून लिहिलेला भाग तिने दोनदा वाचायला लावला. सत्र परीक्षेपूर्वी तीनही पद्धती करून पाहायला ती तयार झाली आहे आणि गणित सोडणार नाही, असे तिने आपणहून सांगितले. माझी आता दोनच विचारणी उरली आहेत. शाळेने अर्ज पुढे पाठवण्यास नकार दिला तर काय करावे? आणि परीक्षेच्या काळात पुतणी आजारी पडली तर?

उत्तर : सेवानिवृत्त मुख्याध्यापक, शहादा

अर्ज तोंडी करू नका. दोन प्रतींत लेखी द्या, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. कलम १७ आणि जोडलेल्या प्रमाणपत्रांचा उल्लेख अर्जात करा. लेखी नकार देण्याची वेळ आली की बहुतेक शाळा नियम वाचून पाहतात आणि प्रश्न तिथेच सुटतो. तरीही न सुटल्यास विभागीय मंडळाच्या सचिवांना आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना त्याच अर्जाची प्रत पाठवा. त्यानंतरचा मार्ग म्हणजे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करणे. राज्य आयुक्तांना या कायद्याच्या कलम ८० नुसार दिव्यांगांच्या हक्कभंगाची चौकशी करण्याचा अधिकार आहे. मंडळाला निर्णय घ्यायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून हे सगळे डिसेंबरच्या आत व्हायला हवे.

लेखनिक आजारी पडल्यास आयत्या वेळी बदलण्याची मुभा २०१८ च्या सूचनांत आहे, आणि वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांना, वेगवेगळे लेखनिक घेता येतात. म्हणून नववीपर्यंतची आणखी एक मुलगी आजच ठरवा, तिचेही बोनाफाइड आणि छायाचित्र पुतणीच्या कागदांबरोबर शाळेत द्या. सरावात आठवड्यातून एकदा तिलाही लिहायला बसवा, म्हणजे ‘कंस सुरू’ आणि ‘कंस पूर्ण’ तिच्याही हाताला ठाऊक असेल.